चारशे दहा

दर मिनिटाला एक विनंती येते.
लॉगमध्ये ओळ उमटते:
मार्ग सत्तावीस, आज बोट किती वाजता सुटेल.
पत्ता स्कार्वानेसच्या धक्क्याचा.
उत्तर जातं: चारशे चार. सापडलं नाही.
मिनिटभरानं तीच विनंती पुन्हा दारात.

ती बोट बंद होऊन आठ महिने झाले.
समुद्राखालून बोगदा आला,
कुणीतरी फीत कापली,
वाऱ्यात उभ्याउभ्या सगळ्यांनी मेंढीचं सूप प्यालं,
आणि मी तोरशाव्नच्या ह्या खोलीत बसून
वेळापत्रकाचं पान काढून टाकलं.
दोन ओळी खोडल्या. जेवायला गेले.

हानुस म्हणतो, पत्ताच बंद कर त्याचा, कटकट जाईल.

मी त्याआधी विनंतीचे हेडर उघडले.
प्रत्येक विनंती आधी आपली ओळख सांगते,
उंबऱ्याशी बूट काढणाऱ्या पाहुण्यासारखी:
ब्राउझर कुठला, किती जुना,
उत्तर कुठल्या भाषेत चालेल.
ह्याला फेरोई चालणार होती, दुसरी कुठलीच नाही.
ब्राउझर दहा वर्षांपूर्वीचा.
तेव्हा कळलं.
प्रतीक्षालयातला पडदा. मीच बसवलेला.
हेरगैरनं शिडी धरली होती
आणि चारही स्क्रू समुद्रात पाडले होते.

सर्व्हर विसराळू असतो. हा दोष नाही,
असंच ठरलंय.
उत्तर दिलं की दार लागलं,
पुढच्या खेपेला तोच माणूस पुन्हा परका.
ओळख ठेवायची तर चिठ्ठी त्याच्याच खिशात घालायची
आणि येताना त्यानं ती दाखवायची.
पडद्याला मी खिसा शिवलाच नव्हता.
दिवसाला चौदाशे चाळीस वेळा
तो पहिल्यांदाच यायचा.

शिवाय चारशे चार हे खोटंच.
सापडत नाही ती किल्ली.
बोट हरवली नव्हती,
आम्ही ती विकली, पावतीसकट.
म्हणून एका रात्री मी उत्तर बदललं: चारशे दहा.
होतं. आता नाही. पुन्हा विचारू नये.
इतकं नेमकं मी माणसांशीही बोललेले नाही.

मिनिटभरानं: मार्ग सत्तावीस, आज बोट किती वाजता सुटेल.

पालथ्या घड्यावर पाणी, मी म्हटलं,
आणि पडद्यातला जुना कोड काढून वाचला.
एकच अट होती त्यात, माझ्याच हातची:
दोनशे आलं नाही तर मिनिटभर थांब, परत विचार.
तो हट्टी नव्हता.
नकार कसा ऐकायचा हे मीच शिकवायचं राहिलं होतं.

मग त्या एका पत्त्यासाठी
मी छोटंसं फंक्शन लिहिलं. हानुसला सांगितलं नाही.
दोनशे. आज बोट नाही.
लाटा तीन मीटर. वारा वायव्येचा.
अंधार चार वाजता पडेल.
हेरगैरला फोन केला: तिथं कोण असतं रे हल्ली?
कोणी नाही. कुलूप आहे, म्हणाला.
खिडकीची काच फुटलीय, तिथून एक मांजर जाते.

तर हिवाळाभर मी मांजरीला लाटा सांगितल्या.
आकडे ताजे असायचे. त्यात मी हयगय केली नाही.

मार्चात एका रात्री दोन सतराला विनंती आली,
दोन अठराला नाही.
मी वाट पाहिली. एकोणीस. वीस.
कुणीतरी प्लग काढला असेल,
किंवा हेरगैरनं शेवटी ते स्क्रू नीट बसवायला घेतले असतील.
उत्तर तयार होतं: लाटा दीड मीटर, वारा पडलेला.
पण सर्व्हरला हाक मारता येत नाही.
कुणी विचारलं तरच तोंड उघडायचं,
अशी ही नोकरी.

तीन वाजून चार मिनिटांनी
क्लाक्सविकहून कुणीतरी पहाटेच्या बसची वेळ विचारली.
दोनशे.
सांगितली.